आतल्या दुमडीचा धागा

१

भिंगोबाची सकाळ खिडकीपाशी सुरू व्हायची. दोन खुर्च्या, दोन कप चहा, आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कपडे वाळत घातलेली दोरी. भिंगोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. जन्मभर कॅमेरे दुरुस्त केले आणि निवृत्त झाल्यावरही स्वस्थ न बसता घरबसल्या लेन्सची परीक्षणं लिहायला लागला, तेव्हा असल्या माणसाला दुसरं काय म्हणायचं, असं बायकोचं म्हणणं. आता तर मुलगीसुद्धा परगावाहून फोन केला की आधी 'भिंगोबा आहेत का घरात?' असंच विचारायची.

बायको रफू करायची. तिचं रफू म्हणजे नुसतं भोक बुजवणं नव्हे. माणूस फाटलेला कोट घेऊन यायचा, आणि परत नेताना कुठे फाटला होता ते त्याचं त्यालाच सापडायचं नाही. मग तो पैसे द्यायच्या आधी संशयाने कोट उलटासुलटा करून बघायचा आणि ती गालातल्या गालात हसायची. समोरच्या दोरीवरचे कपडे बघणं हा तिचा जुना छंद होता. कोणाची कॉलर विरली, कोणाचं कोपर आता फाटणार, हे ती खुर्चीत बसल्या बसल्या सांगायची, आणि काही दिवसांनी तोच माणूस खरोखर दार वाजवायचा.

हल्ली तिला दोरी दिसत नव्हती. म्हणून रोज सकाळी भिंगोबा वाचून दाखवायचा. एक निळा शर्ट, एक पांढरा शर्ट, आणि पलीकडे आणखी एक शर्ट. तो शर्ट नसून उशीचा अभ्रा असणार, असं ती ठणकावून सांगायची; कडेची शिवण कशी आहे ते बघा म्हणायची. डोळ्यांनी त्याला शिवण स्वच्छ दिसायची, पण शिवणीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे वाद रोज तिथेच थांबायचा.

चहा झाला की तिच्या सुया ओवून देणं हे त्याचं काम. सगळ्या सुया तो ओवायचा, एक सोडून. ती एक बारीक सुई ती बोटांनी चाचपून बाजूला काढायची आणि म्हणायची, ही राहू द्या. का ते त्याने कधी विचारलं नाही. संसारात सगळंच विचारत बसलं तर चहा गार होतो.

डोळ्यांच्या डॉक्टरने दोनदा तपासलं होतं. आजार काही नाही, आतला पडदाच पातळ होत चाललाय, कशामुळे ते कळत नाही, असं तो म्हणाला आणि चष्म्याचा नंबर बदलून दिला. नव्या चष्म्याने काही फरक पडला नाही. रफूचं काम सुटलं तर ही बाई काय करणार, हा एकच विचार भिंगोबाच्या डोक्यात घोळत राहायचा. ती गप्प बसलेली त्याने फारशी कधी पाहिलीच नव्हती, आणि पाहायची त्याची इच्छाही नव्हती.

उपाय मुलीने सुचवला. टेबलावर स्टँड लावायचा, त्यावर खाली तोंड करून कॅमेरा, कॅमेऱ्याला मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळचं मोठं करून दाखवणारी, आणि तिथून वायर थेट टीव्हीला. आईने लेन्सखाली रफू करायचं आणि टीव्हीत बघायचं. चांगल्या मॅक्रो लेन्सच्या किमती ऐकूनच भिंगोबाने हात जोडले. पण त्याच आठवड्यात तो ज्यांच्यासाठी परीक्षणं लिहायचा त्या संपादकांनी एक स्वस्तातली मॅक्रो लेन्स पाठवली. वापरून बघा, जमली तर ठेवून घ्या म्हणाले. देवच पावला, असं बायकोला सांगून त्याने खोका उघडला.

२

लेन्स तपासायची त्याची एक ठरलेली रीत होती. पोस्टाचं जुनं तिकीट, बंद पडलेलं मनगटी घड्याळ, कुंडीतलं एक पान, आणि बायकोचा चहाचा कप. वर्षानुवर्षं प्रत्येक लेन्स याच चार वस्तूंसमोर उभी राहिली होती, म्हणजे आधीच्या फोटोंशी ताडून बघता यायचं. संपादकांना हवा असायचा म्हणून शेवटी माणसाच्या कातडीचा एक फोटो, तोही स्वतःच्याच हाताचा.

लेन्स दिसायला साधीच. धातूची, हाताला जड, फोकस हाताने फिरवायचा. फिरवताना जरा कडक जायची, पण जिथे सोडली तिथे थांबायची, आणि ही गोष्ट महागड्या लेन्सनासुद्धा जमत नाही. वस्तू केवढी तर तेवढीच चित्रात उतरत होती. मध्यभागी धार सुरेख, कडांना थोडी मऊ, काळ्या अक्षरांच्या काठाला जांभळी छटा नावाला. दोष म्हणावा तर एकच, फार जवळ जावं लागत होतं. इतकं, की लेन्सची स्वतःचीच सावली वस्तूवर पडायची. तिकीट, घड्याळ, पान, तिन्ही पास झाले. स्वस्त माल हातात घेताना नाक मुरडणारा भिंगोबा मनातल्या मनात खूश झाला.

मग कप. कपाचा कान मागे एकदा तुटला होता. नवा कप आणू असं त्याने म्हटलं, तर तिने तुकडे पदराखाली घेतले आणि संध्याकाळी कप अख्खा आणून ठेवला. जोड आजवर कोणत्याही लेन्समध्ये दिसला नव्हता. जुन्या फोटोंमध्ये त्या जागी नुसता गुळगुळीत पांढरा चिनीमातीचा कान होता.

या लेन्समध्ये तिथे विणकाम दिसलं.

उभे धागे, आडवे धागे, एक वरून एक खालून. पांढऱ्यावर पांढरे. कान जिथून तुटला होता बरोबर तेवढ्याच पट्ट्यात, आणि कडेला ते धागे चिनीमातीत असे विरून गेले होते की कुठे संपले ते सांगता येऊ नये.

भिंगोबाने चष्मा पुसला, मग लेन्स पुसली. कॅमेऱ्याच्या आत बारीक ठिपक्यांची जाळी असते. समोरही बारीक नक्षी आली की दोन जाळ्या एकमेकींवर चढतात आणि नसलेलं विणकाम दिसतं, हे त्याने लोकांना कितीदा समजावून सांगितलं होतं. पण समोर बारीक नक्षी लागते, आणि कप तर कोरा होता. त्याने कॅमेरा थोडा तिरका केला. असा भास असेल तर जागा बदलतो किंवा नाहीसा होतो. विणकाम होतं तिथेच राहिलं. त्याने कप धुतला, पुसला, पुन्हा लेन्सखाली ठेवला आणि मग कंटाळून त्यातच चहा प्यायला.

३

दुसऱ्या दिवशी बायकोला टेबलाशी बसवलं. गिऱ्हाइकाचा तपकिरी कोट लेन्सखाली आला आणि टीव्हीचा सगळा पडदा तपकिरी लोकरीने भरून गेला. एकेक धागा दोरखंडाएवढा. ती टीव्हीच्या अगदी पुढ्यात खुर्ची ओढून बसली, हात टेबलावर, मान वर, आणि बोटांनी कोटावरचा एकेक धागा चाचपत राहिली. मग हळूच म्हणाली, अहो, दिसतंय की.

भिंगोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. लपवायला म्हणून तो वायर नीट करत बसला.

काम करता करता तिची टकळी सुरू झाली. रफूचा धागा बाहेरून आणलेला चालत नाही, ती सांगत होती. रंग जुळला तरी पोत जुळत नाही, चार दिवसांत उघडं पडतं. म्हणून धागा त्याच कापडाचा काढायचा, आतल्या दुमडीतून, जिथे कोणाची नजर जात नाही. तिने कोटाच्या बाहीची कड उलटली आणि आतून एकेक धागा अलगद ओढून घेतला. दुमड तिथे विरळ झाली, पलीकडचं दिसायला लागलं.

"आणि दुमड संपली की?" त्याने विचारलं.

"संपली की संपली. मग गिऱ्हाइकाला सांगायचं, आता नवा घ्या."

मग त्याने आपला कपाचा फोटो टीव्हीवर आणला. तिला गंमत दाखवावी एवढंच त्याच्या मनात होतं. ती बघत राहिली. नंतर सुई कोटात खोचून ठेवली आणि म्हणाली, लेन्स चांगली आहे हो, पण असल्या जुन्यापान्या वस्तूंचे फोटो कशाला काढायचे. तुमच्या संपादकांना फुलंबिलं पाठवा. एवढं बोलून ती चहा टाकायला उठली. उकाडा असूनही तिने पूर्ण बाहीचा ब्लाउज घातला होता. हल्ली तिला सारखी थंडी वाजायची.

४

भिंगोबाचा स्वभाव असा, की एकदा शंका आली की स्क्रू पूर्ण उघडल्याशिवाय चैन पडायचं नाही. दुपारी ती शेजारी गेल्यावर त्याने घरातल्या वस्तू एकेक करून लेन्सखाली आणल्या. नवी ताटली कोरी, नवा पेला कोरा. मुलीची लहानपणची लाकडी बाहुली, जिचा पाय मोडला होता, तिच्या पायात विणकाम. पायाखाली सापडून फुटलेल्या त्याच्याच जुन्या चष्म्याच्या काचेत विणकाम, आणि काचेचे धागे काचेसारखेच. जे जे कधी मोडलं होतं आणि जे जे तिने 'द्या इकडे' म्हणून नेलं होतं, त्या सगळ्यात.

घरात शांतता होती. फ्रिज मध्येच घरघरायचा आणि थांबायचा. वेडा झालास की काय, असं तो स्वतःला मोठ्याने म्हणाला. मग परीक्षण तर पुरं करायला हवं म्हणून त्याने हाताचा पंजा लेन्सखाली धरला. टीव्हीवर कातडीच्या रेघा आल्या, लव आली, एक जुना ओरखडा आला. विणकाम नव्हतं. त्याला केवढं हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचाच राग आला. आपण नक्की काय दिसेल म्हणून घाबरलो होतो?

आणि तेव्हा त्याला दवाखाना आठवला.

काही वर्षांपूर्वी जिन्यात छाती धरून तो कोसळला होता. डॉक्टरांनी मुलीला ताबडतोब निघून या म्हणून कळवलं होतं. हृदयाला आतून चीर गेली आहे, हातात काही नाही, असं सांगितलं होतं. बायको पडदा ओढून दिवसभर त्याच्या खाटेपाशी बसली. नर्स तिच्यावर वैतागली होती, कारण तिने शिवणाची पिशवी बाहेर ठेवायला साफ नकार दिला. हा किस्सा घरात नंतर हसून हसून सांगितला जायचा. संध्याकाळी मुलगी रडत पोहोचली तर भिंगोबा उशीला टेकून पाणी मागत होता. डॉक्टर म्हणाले, मशीन चुकलं असेल.

त्याने शर्टाची बटणं काढली, टेबलावर वाकला आणि छातीची डावी बाजू लेन्सखाली आणली. फोकस होईना. आणखी जवळ जावं लागलं, इतकं की लेन्सचा गार काठ कातडीला टेकला. मान वळवून त्याने टीव्हीकडे पाहिलं.

बारीक, सुबक, तिच्या हाताचं. उभे धागे त्याचे होते, सावळे. आडवे मात्र थोडे उजळ. आणि त्यातल्या काही आडव्या धाग्यांचा तुकडा तपकिरी होता, चकचकीत, एखाद्या जुन्या भाजलेल्या डागाचा असावा तसा.

तसा डाग त्याला चांगला ठाऊक होता. तिच्या डाव्या हाताला आतल्या बाजूने, कोपराखाली, लग्नाच्या आधी इस्त्री लागून पडलेला. लग्नाच्या नव्या नवलाईत तो त्या डागावर बोट फिरवत बसायचा आणि ती हात मागे घ्यायची.

त्याने बटणं लावली. एक चुकीच्या काजात गेलं, ते तसंच राहिलं.

५

दोन दिवस तो तिला चोरून न्याहाळत राहिला. जेवताना तिच्या हाताकडे बघायचा आणि तिने बघितलं की ताटाकडे. ती थोडी हळू चालते, भिंतीला हात लावून चालते, हे त्याला आता ठळक दिसायला लागलं. दुपारी आपल्याला एवढी गाढ झोप कशी लागते, आणि उठल्यावर ती न ओवता बाजूला ठेवलेली बारीक सुई तिच्या पदराला टोचलेली कशी असते, हेही.

तिसऱ्या दिवशी ती लेन्सखाली कोटाचं काम संपवत होती. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. टीव्हीवर तिची बोटं मोठी मोठी होऊन हलत होती.

"बाही जरा वर घे ना," तो म्हणाला.

तिचे हात थांबले. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"टीव्ही बंद करा मग," ती म्हणाली.

तो हललाही नाही. तिने वाट पाहिली, आणि मग लहान मुलाच्या हट्टापुढे हात टेकावेत तशी मान हलवून बाही कोपराच्या वर सारली. नुसत्या डोळ्यांना तो हात हातासारखाच होता; जरा फिकट, जरा वाळलेला, आणि डाग तिथे नव्हता. तिने तो उताणा करून कोटावर ठेवला.

टीव्हीवर फक्त उभे धागे होते. लांब, सुटे, एकमेकांना न धरलेले. आडवं जवळजवळ काही उरलं नव्हतं. आणि त्या उभ्या धाग्यांच्या मधून खालचा कोट दिसत होता, लोकरीचं विणकाम आणि बटणाचं एक काज, तिच्या हातापलीकडे, अगदी स्वच्छ फोकसमध्ये. तिने श्वास घेतला तसे ते धागे थोडे हलले.

तिने बाही खाली ओढली.

६

"हे कशाला केलंस तू?" तो म्हणाला.

"समोर फाटत चाललं होतं. मी काय नुसती बघत बसू?"

ती कोटाची घडी घालू लागली. टाके मधूनमधून सुटतात, ती सांगत होती, भाजीचा भाव सांगावा इतक्या साधेपणाने. तुम्ही जिने चढता, संपादकांशी वाद घालता, मग एखादा सुटतो. दुपारी झोपलात की बघते. हाताचं संपलं तेव्हा दुसरीकडून घेतलं. डोळ्यांचं निघेल असं वाटलं नव्हतं, पण तो धागा फार चांगला, बारीक, नाजूक जागी तोच बसतो. कोटाची घडी झाली तरी ती त्याच्यावरून हात फिरवतच राहिली.

भिंगोबा रडला. चांगला हुंदके देऊन रडला, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही. या बाईने आपल्याला इतकी वर्षं जपलं आणि आपण दोरीवरचे शर्ट वाचून दाखवण्यात धन्यता मानली, असं काहीबाही बोलला. पुरे आता, म्हणाली ती, सुटेल एखादा.

मग त्याने डोळे पुसले, ती बारीक सुई तिच्या पदरातून काढून घेतली आणि म्हणाला, मला शिकव. तिने त्याच्या जाड बोटांची चेष्टा केली. याच बोटांनी डोळ्याला न दिसणारे स्क्रू बसवलेत, असं तो तिला ऐकवत होता. तिने नाही म्हणून पाहिलं, रागावून पाहिलं, माझं राहू द्या, आता थोडक्यात गोडी आहे म्हणून पाहिलं. तो ऐकेना. खुर्ची ओढून बसला आणि स्वतःची बाही वर केली.

"पण दुसऱ्या कापडाचा धागा चालत नाही म्हणतेस तू," मध्येच त्याला शंका आली. "माझा तुला चालेल?"

"आता आपलं दुसरं कुठे राहिलंय," ती म्हणाली, आणि चाचपडत त्याचा हात लेन्सखाली नीट धरून दिला. "कडेचा घ्या. ओढू नका, येऊ द्या."

"लागेल का तुला?"

"तुम्हाला लागलं होतं?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. टीव्हीवर सुईचं टोक आलं, आणि त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूचा एक धागा हळूहळू सैल होऊ लागला.

७

परीक्षण त्याने वेळेत पाठवलं. किमतीच्या मानाने लेन्स उत्तम आहे, धार चांगली, बांधणी भक्कम. जिवंत वस्तूंवर वापरताना जरा जपून. वस्तूच्या फार जवळ जावं लागतं, एवढीच तक्रार. लेन्स मी ठेवून घेत आहे. संपादकांनी आभार मानले आणि 'जपून' म्हणजे नक्की काय, असं विचारलं. सावली पडते, एवढंच त्याने कळवलं.

काही दिवसांनी एका सकाळी दोघं खिडकीपाशी बसले. चहाची वाफ येत होती. भिंगोबा नेहमीसारखं वाचून दाखवायला घसा खाकरणार, तोच तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुढे वाकली.

"अहो, तो निळा शर्ट तुम्ही म्हणता तसाच आहे," ती म्हणाली. "आणि पलीकडचा अभ्राच निघाला बघा. मी म्हणत नव्हते? कडेची शिवण उसवलीये त्याची. दिसतेय ना?"

तिचा चेहरा लहान मुलीसारखा उजळला होता. भिंगोबाने समोर पाहिलं. उन्हात गच्ची होती, आणि गच्चीवर वाऱ्याने काहीतरी हलत होतं. निळसर होतं, त्याच्या शेजारी पांढुरकं होतं, आणि दोन्हींच्या कडा एकमेकांत मिसळल्या होत्या. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"दिसतेय की," तो म्हणाला. "उसवलीये खरी."